रात्र थोडी, सोंगं फार

दिवाळीच्या आदल्या रात्री दोन वाजता चकल्या तळत बसलेली बाई तुम्ही पाहिली आहे का? नसेल तर आमच्या घरी या. दुसऱ्या दिवशी "रात्रभर डोळ्याला डोळा नाही हो," असं मी शेजारी सांगते. खरं सांगायचं तर त्यात तक्रार कमी आणि ऐटच जास्त असते. बी. ए.चा अभ्याससुद्धा मी असाच केला. वर्षभर टंगळमंगळ आणि शेवटच्या आठ रात्री उशाशी चहाचा थर्मास. हे मुलीसमोर किती वेळा कौतुकानं सांगितलं असेल, त्याला गणती नाही.

माझी ही थोरली दोन वर्षं निवासी शाळेत आहे. यंदा नववी. यांची बदलीची नोकरी, तेव्हा मुलीची शाळा दर तीन वर्षांनी मोडू नये, एवढाच विचार होता. तिथलं वेळापत्रक पाहून तर मी निश्चिंत झाले होते. पहाटे साडेपाचला घंटा, मग कवायत, आंघोळ, शाळा, खेळ, संध्याकाळी प्रार्थना, सात ते नऊ अभ्यास आणि दहाला दिवे बंद. आपल्या घरात एवढी शिस्त कुठली असायला!

सहामाहीनंतर वॉर्डनबाईंचा फोन आला. गणिताच्या पेपरात मुलगी बाकावर डोकं ठेवून झोपली होती. वीस गुणांचे प्रश्न कोरे. पुढच्या रविवारी डबा घेऊन मी एकटीच गेले. वाटलं, आजारी असेल. मग तिची विज्ञानाची प्रयोगवही चाळली. कांद्याच्या पापुद्र्याच्या आकृतीत केंद्रकाच्या जागी पेशीभित्तिका लिहिलेलं आणि पुढे पुढे अक्षर ओळ सोडून खाली घसरलेलं. तिच्या तीन मैत्रिणींच्या वह्यांतही तीच चूक, त्याच जागी!

"आई, अगं, सगळ्याच करतात. दिवसा होतच नाही," ती म्हणाली. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. दहाला दिवे जातात, साडेदहाला बाईंची फेरी होते. न्हाणीघराबाहेरच्या बोळातला दिवा मात्र रात्रभर चालू असतो. तिथे बादल्या पालथ्या घालायच्या, त्यावर परीक्षेचं पॅड ठेवायचं. एकीनं आकृत्या काढायच्या, दोघींनी लिहायचं, एकीनं पाळतीवर बसायचं. मी पाठवलेले बेसनाचे लाडू संपतात ते तिथे. पहाटे चारला वह्या पुऱ्या होतात, घोडं गंगेत न्हातं आणि दीड तासानं घंटा होते. "पण मज्जा येते गं!" असंही ती म्हणाली. मला रागही आला आणि, तुमच्यापासून काय लपवायचं, थोडा हेवाही वाटला.

पण वही पुरी करायला पंधरा दिवस दिले होते, त्याचं काय? चौदा दिवस ही करत काय होती? विचारलं तर गप्प. मग डोळ्यांत पाणी. पहिलीच आकृती बिघडली होती. प्रयोगवहीच्या पानांना नंबर असतात, पान फाडता येत नाही. त्यानंतर वही उघडायचीच भीती बसली. मग काय, पुस्तकांना कव्हरं घाल, पेन्सिलींना टोक कर, चार रंगांत वेळापत्रक रंगव, असं चाललं होतं. वहीला मात्र हात नाही.

आपण याला आळस म्हणतो. मीही म्हटला असता. पण फुशिया सिरॉइस आणि टिमथी पिचिल या मानसशास्त्रज्ञांनी २०१३ साली मांडलं, की चालढकल हा वेळेपेक्षा मनाचा प्रश्न आहे. काम समोर आलं की जे नकोसं वाटतं, ते टाळायला माणूस काम टाळतो. तेवढ्यापुरतं बरं वाटतं. बरं वाटतं म्हणूनच पुन्हा टाळतो. आता अशा मुलीला "आळशी" म्हटलं तर ते नकोसं वाटणं वाढणार की कमी होणार?

आणि रात्र जागून काय पदरात पडतं? दिवसा शिकलेलं डोक्यात पक्कं बसतं ते बरंचसं झोपेत. अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१६ साली तेरा ते अठरा वयाच्या मुलांना आठ ते दहा तास झोप सांगितली आहे. एक मात्र मुलांच्या बाजूनं बोलायला हवं. वयात येताना शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, झोप उशिरा येऊ लागते. तेव्हा "दहाला झोपच येत नाही" हे काही निव्वळ ढोंग नाही. पण घंटा काही पुढे सरकत नाही! १९६३ च्या डिसेंबरअखेरीपासून १९६४ च्या जानेवारीपर्यंत सॅन दिएगो गावातला एक सतरा वर्षांचा मुलगा शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी अकरा दिवस जागा राहिला होता. शेवटी त्याला शंभरातून सात-सात वजा करायला सांगितलं. पासष्टावर तो थांबला. का थांबलास विचारलं, तर आपण काय करत होतो तेच विसरलो म्हणाला. आमच्या कन्येचा गणिताचा पेपर मला तेव्हाच आठवला.

परत येताना गाडीत आणखी एक गोष्ट टोचत राहिली. मी इथल्या शाळेत अर्धवेळ मराठी शिकवते. "सोमवारी वह्या हव्यात" असं मीही फर्मान काढते. शिक्षकांच्या खोलीत विचारलं, तर आमच्या पाचजणांचा वार सोमवारच! आम्ही आता वार वाटून घेतले आहेत. मुलीच्या शाळेलाही मी तसं पत्र लिहिलं. उत्तर आलेलं नाही.

मुलीला मी नवं वेळापत्रक दिलं नाही, ती रंगवत बसली असती. आपल्याला चकलीचं ठाऊकच आहे. भाजणी आठ दिवस आधी दळून डब्यात असली की अर्धी चकली झालीच. तसंच तिला सांगितलं, की ज्या दिवशी प्रयोग होईल, त्याच संध्याकाळी वहीत नुसतं नाव, तारीख आणि साहित्य लिही. पाच मिनिटं. आकृती आधी कच्च्या कागदावर काढ आणि ती बिघडू दे. पक्क्या वहीत बिघडली तरी एक आडवी रेघ मारून पुढे जा. यांना ते पटलं नाही. "असले लाड होते म्हणून आम्ही शिकलो का?" म्हणाले. त्यावर मी त्यांना विजेचं बिल कधी भरता ते विचारलं.

रविवारी वॉर्डनबाईंच्या मोबाइलवर दहा मिनिटं बोलणं होतं. पहिले दोन रविवार "सगळं झालंय" असं तुटक उत्तर आलं. परवा मात्र ती म्हणाली, "विज्ञानाची वही झाली. भूगोलाच्या नकाशांना अजून हात लावलेला नाही. बुधवारी द्यायचेत."

मी ओरडले नाही. "आज कोणता काढतेस?" एवढंच विचारलं.

"नद्यांचा. तुझी भाजणी दळून झाली का गं?"

झाली नव्हती. तसं सांगितलं.