चौदा वर्षांच्या विद्यार्थिनीचा निबंध

विद्यार्थ्यांनी राजकारणावर व समाजस्थितीवर बोलावे की न बोलावे, हा वाद आपल्या सुशिक्षित घरांत फार जुना आहे. तीन पिढ्या एका छपराखाली नांदणाऱ्या कुटुंबात तो बहुधा रात्रीच्या जेवणाच्या वेळी निघतो. कॉलेजात जाणारा मुलगा एखाद्या बातमीवर आपले मत देतो. त्यावर आजोबा म्हणतात, आधी परीक्षा द्या, मग जग सुधारा. काका विचारतात, हे तुझ्या डोक्यात कोणी भरविले. कोणी त्या वर्तमानपत्राचा पक्ष काढतो. आणि आई ताटात भात वाढून विषय बदलते. मुलाचे वय, त्याचे गुरू, त्याचे वर्तमानपत्र, त्याचा अभ्यास ह्या चारही गोष्टींची चौकशी यथासांग होते. तो जे बोलला ते खरे आहे काय, हा प्रश्न मात्र विचारावयाचा राहून जातो. हा राहून गेलेला प्रश्न किती महत्त्वाचा असतो, हे ज्यास पाहावयाचे असेल त्याने पुण्याच्या एका विद्यार्थिनीचा निबंध वाचावा, असे आम्हांस वाटते.

१८५५ साली 'ज्ञानोदय' पत्राच्या १५ फेब्रुवारी व १ मार्च ह्या दोन अंकांत 'मांगमहाराच्या दुःखाविषयी' ह्या मथळ्याचा एक निबंध प्रसिद्ध झाला. लेखिका मुक्ता साळवे, जात मांग, वय सुमारे १४ वर्षे. जोतीराव व सावित्रीबाई फुले ह्यांनी चालविलेल्या शाळेत ती शिकत होती. ह्या शिक्षणकार्याचा आरंभ १८४८ साली बुधवार पेठेतील भिडे वाड्यात झाला. वाडा देणारे तात्याराव भिडे, तसेच जोतीरावांचे स्नेही सदाशिवराव गोवंडे, मोरो विठ्ठल वाळवेकर व सखाराम यशवंत परांजपे हे ब्राह्मण होते, ही गोष्ट आमच्या वाचकांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. जोतीरावांस पुण्यात विरोध झाला हे जितके खरे, तितकेच त्याच पुण्यातील काही माणसे त्यांच्या पाठीशी उभी राहिली हेही खरे. जुन्या काळी सर्वांचीच दृष्टी तशी होती, ही सबब म्हणून फारशी टिकत नाही.

निबंध लहान आहे. पण त्यात राजकारण, धर्म व रोजचा व्यवहार हे तिन्ही विषय आले आहेत. धर्माविषयी मुक्ता असा तर्क मांडते की, वेद हे ब्राह्मणांचेच, इतरांनी ते पाहूही नयेत, असे असेल तर आम्हांस धर्मपुस्तक नाही हे उघड झाले. आणि पुस्तक नाही तर आमचा धर्म कोणता, हे देवानेच आम्हांस सांगावे. पुढे ती म्हणते की, ज्या धर्मात एकाने सुख भोगावे व बाकीच्यांनी तोंडाकडे पाहावे, तो धर्म आमच्या मनातही न येवो. ह्या बोलण्यात राग आहे, परंतु नुसता राग नाही. तिने प्रतिपक्षाचेच गृहीत घेतले आणि त्यातून निघणारे अनुमान त्याच्यापुढे ठेवले. तर्कशास्त्राच्या पाठात आपण हीच रीत शिकवतो.

राजकारणाविषयी तिचे म्हणणे पेशवाईसंबंधी आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानीत मांगमहारांवर झालेल्या जुलमांच्या कथा ती सांगते: तालीमखान्यापुढून जाणाऱ्याचे मस्तक मारले जाई, मोठ्या इमारतींच्या पायांत माणसे पुरली जात, ह्या जातींतील कोणी वाचावयास शिकला तर दप्तराचे काम त्याच्याकडे देऊन ब्राह्मणांनी काय न्हाव्याची धोपटी घेऊन हिंडावे, असा सवाल बाजीराव करी. पेशवाई १८१८ साली बुडाली, म्हणजे मुक्तेच्या जन्माच्या बऱ्याच आधी. तेव्हा हे सर्व तिने वडीलधाऱ्यांकडून ऐकलेले आहे आणि इतिहासाच्या अभ्यासकाने ते ऐकीव साक्ष म्हणूनच तोलले पाहिजे. तथापि १८५५ साली पन्नाशीच्या पुढे असलेल्या माणसांनी ते राज्य आपल्या डोळ्यांनी पाहिले होते, हेही विसरता कामा नये. आपल्या घरांत पेशवाईच्या ज्या आठवणी सांगितल्या गेल्या त्याही ऐकीवच. एका वाड्यातील आठवणीस इतिहास म्हणावे आणि दुसऱ्या वस्तीतील आठवणीस कांगावा म्हणावे, हा न्याय नव्हे.

निबंधाचा तिसरा भाग मात्र ऐकीव नाही. तो ह्या मुलीने पाहिलेला आहे. डोक्यावर धड छप्पर नसताना बाळंत होणाऱ्या बायकांचे हाल ती सांगते. त्याहूनही आमच्या मनात रुतून बसलेली गोष्ट मुलांची आहे. ब्राह्मणांच्या मुलांनी दगड मारले आणि मांगमहारांच्या मुलांचे रक्त निघाले, तरी ती मुले तक्रार करीत नाहीत, असे ती लिहिते. कारण? उष्टे मागावयास त्याच घरी जावे लागते. एका समाजाने दुसऱ्या समाजाचे तोंड कसे बंद केले, हे सांगावयास मोठ्या ग्रंथकारास एखादे प्रकरण लागले असते. ह्या मुलीने ते दोन वाक्यांत सांगितले. हाणणारा हात आणि घास टाकणारा हात एकाच घरचा असला म्हणजे फिर्याद कोणाकडे करावयाची? ती घरे कोठे दूर देशी नव्हती. पुण्याच्या पेठांत होती, आणि आपल्यापैकी पुष्कळांची कुळे त्याच पेठांतून आलेली आहेत.

आता वर्तमानपत्राचा विचार करू. 'ज्ञानोदय' हे अमेरिकन मराठी मिशनचे पत्र. १८४२ साली अहमदनगरास निघाले. हिंदू धर्मातील दोष दाखविणे व ख्रिस्ती मताचा प्रसार करणे हा त्याचा उघड हेतू. तेव्हा हा निबंध त्याने आनंदाने छापला असेल, ह्यात नवल नाही. येथे आपल्यातील शहाणी माणसे लगेच म्हणतील की, मिशनऱ्यांनी छापले, यातच सर्व आले. पण यात सर्व येत नाही. छापणाऱ्याचा हेतू कोणताही असो, दगड लागला होता की नव्हता, हा प्रश्न तसाच उभा राहतो. पत्राचा कल कोणीकडे आहे हे वाचकाने जरूर ओळखावे. त्यावरून कोणती बातमी मोठी केली गेली व कोणती दडपली गेली असेल, याचा अदमास बांधता येतो. परंतु कल ओळखला म्हणजे बातमी खोटी ठरली, असे मानणे हा बुद्धीचा आळस होय. शिवाय त्या काळची बहुतेक देशी पत्रे उच्चवर्णीयांच्याच हाती होती. ज्यांच्याविषयी फिर्याद करावयाची त्यांच्याच दारात तिने कागद घेऊन उभे राहावे, अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करावी?

त्याच सुमारास मुंबईच्या 'प्रभाकर' पत्रात, १८४८ ते १८५० ह्या काळात, गोपाळ हरी देशमुख ह्यांची १०८ पत्रे प्रसिद्ध झाली. लिहू लागले तेव्हा ते २५ वर्षांचे होते. स्वतः ब्राह्मण असून त्यांनी ब्राह्मणांच्या आळसावर व अज्ञानावर कठोर टीका केली. पत्रांखाली त्यांनी 'लोकहितवादी' हे टोपणनाव घातले. आपल्या घरांत ही 'शतपत्रे' ठाऊक नसलेला विद्यार्थी विरळा. मुक्ता साळवेचे नाव ठाऊक असलेला त्याहून विरळा. दोघांच्या टीकेचा रोख पुष्कळ अंशी एक. मात्र लोकहितवादींस नाव झाकण्याची सोय होती. मुक्तेच्या निबंधाचे सारे बळ ती कोण होती ह्यातच होते.

तिचे सर्वच अनुमान बरोबर ठरले असे नाही. इंग्रज सरकारच्या राज्यात हे जुलूम थांबले, म्हणून तिने त्या सरकारचे आभार मानले आहेत. तिच्या अनुभवापुरते ते खरेही होते. परंतु पुढल्याच वर्षी, १८५६ साली, तेव्हा मुंबई इलाख्यात असलेल्या धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला असता, मुंबई सरकारने त्यास तो मिळवून दिला नाही. एका मुलासाठी इतरांचा विरोध पत्करण्यास सरकार तयार नव्हते. चौदा वर्षांच्या मुलीने राजकर्त्यांकडून अधिक अपेक्षा केली, हा दोष मानावयाचा झाल्यास तो मोठमोठ्या पुढाऱ्यांच्याही माथी येईल. एक अनुमान चुकले म्हणून डोळ्यांनी पाहिलेले खोटे होत नाही, आणि विद्यार्थ्यांचे लेखन वाचताना नेमका हाच विवेक आपण ठेवत नाही. त्याचा एक निष्कर्ष कच्चा निघाला की त्याने पाहिलेले सगळेच आपण फेटाळून मोकळे होतो.

मुक्तेचा हा एकच निबंध आज आपल्या हाती आहे. तिला जे पान मिळाले ते उसने होते. स्वतःच्या पानाची सोय होण्यास वेळ लागला. १८७७ साली कृष्णराव भालेकरांनी 'दीनबंधु' काढले. ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. आंबेडकरांनी, शाहू महाराजांनी दिलेल्या २,५०० रुपयांच्या साहाय्याने, 'मूकनायक' सुरू केले. त्या वेळी आंबेडकरांचे स्वतःचे शिक्षणही पुरे झालेले नव्हते. लंडनचा अभ्यास अपुरा राहिला होता आणि तो पुरा करण्यास ते त्याच वर्षी पुन्हा विलायतेस गेले. मुक्तेच्या निबंधापासून 'मूकनायका'पर्यंत ६५ वर्षे गेली. आधी अभ्यास, मग समाज, असा क्रम त्यांनी पाळला असता तर आणखी किती वर्षे गेली असती कोण जाणे.

कोणी म्हणेल, हे सारे आता इतिहासजमा झाले. १९५० साली अंमलात आलेल्या राज्यघटनेच्या १७व्या कलमाने अस्पृश्यता नाहीशी केली. कायद्याने केली, हे खरे. पण आजही ज्या घरात धुणीभांडी करणाऱ्या बाईंचा चहाचा कप कोनाड्यात निराळा ठेवलेला असतो, त्या घराचे काय? वडील मंडळींस तो कप दिसत नाही, कारण तो नेहमीच तेथे आहे. शाळेतून आलेल्या मुलास तो दिसतो आणि ते विचारते, हा कप निराळा का? ह्यावर त्याला जे उत्तर मिळते, तेच त्याचे नागरिकशास्त्राचे पहिले पुस्तक. 'तुला काय करायचे आहे, अभ्यास कर' असे उत्तर मिळाले, तर दिसलेले न पाहण्याची विद्या ते मूल घरातच शिकते, आणि पुढे मोठ्या हुद्द्यावर चढून ती आयुष्यभर वापरते.

१९८९ सालापासून मतदानाचे वय १८ वर्षे झाले आहे. बारावीची परीक्षा दिलेला विद्यार्थी बहुधा वर्षभरात मतदार होतो. राज्य कोणाच्या हाती द्यावे हे ज्याला ठरवावयाचे आहे, त्याने राजकारणावर बोलू नये, ह्या उपदेशात आता अर्थ उरलेला नाही. त्याने कसे बोलावे, हे शिकविणे मात्र घराचेच काम आहे. आमची सूचना साधी आहे. मुलांना आपले विचार लिहून काढावयास सांगावे, आणि लिहिताना स्वतः पाहिलेले, दुसऱ्याकडून ऐकलेले व त्यावरून काढलेले अनुमान ह्या तीन गोष्टी वेगळ्या ठेवावयास लावाव्या. मोबाइलवर आलेला मजकूर पुढे धाडण्यापूर्वी तो ह्या तिहींपैकी कशात बसतो, हे विचारावे. आणि हा नियम मुलांइतकाच काकांनाही लागू असावा. मुलाचे लेखन वाचून वडिलांस उत्तर द्यावयाचे असेल तर तेही लेखीच द्यावे. बोलताना वयाचा अधिकार चालतो, कागदावर मुद्दा मांडावा लागतो.

ह्या महिन्यात एखाद्या रविवारी मुक्ता साळवेचा निबंध मिळवून तो घरात सर्वांनी मिळून वाचावा. घरातील चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीस तो मोठ्याने वाचावयास सांगावा. वाचन संपेपर्यंत वडील मंडळींनी मध्ये बोलू नये. संपल्यावर पहिला प्रश्न त्या मुलीने विचारावा, आणि तो प्रश्न कोनाड्यातील कपाविषयी असला, तर उत्तर देण्याआधी कोणीतरी उठून तो कप इतर कपांत आणून ठेवावा.