चापाचे वजन

१ ऑगस्ट २०२४ रोजी फ्रान्समधील शातोरू येथे ऑलिंपिक सामन्यांतील ५० मीटर रायफल नेमबाजीची अंतिम फेरी झाली. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडी या खेड्यातून आलेल्या स्वप्निल कुसाळे याने तीत कांस्यपदक मिळविले. या सामन्यात गुडघ्यावर बसून, पालथे पडून व उभे राहून असा तीन प्रकारे नेम धरावा लागतो. लक्ष्यावरील दहा गुणांचे वर्तुळ अवघ्या १०.४ मिलिमीटर व्यासाचे, म्हणजे सदऱ्याच्या गुंडीएवढे असते. पाहणाऱ्यांना वाटते, सारे कसब डोळ्यांचे. परंतु डोळ्याने साधलेला नेम बिघडवितो तो बहुधा नेमबाजाच्या तर्जनीचा जोर.

तर्जनी ज्या बाकदार तुकड्यावर टेकते त्यास चाप म्हणतात. रायफलीच्या आत एक दाबलेली कमान असते व एका लहानशा खिटीने ती अडवून धरलेली असते. चाप मागे ओढला की खिटी सरकते, कमान मोकळी होते आणि गोळी सुटते. खिटी सरकविण्यास जितका जोर लागतो तो ग्रॅममध्ये सांगतात. तेच चापाचे वजन. ते तपासण्याची रीत मोठी सोपी आहे. रिकामी बंदूक नळी वर करून उभी धरतात आणि चापाच्या मध्यावर ठराविक वजन अडकवून ते टेबलावरून अलगद उचलतात. एवढ्यानेही कमान सुटली नाही, तर चाप नियमात बसला असे समजावे.

चाप जड असला म्हणजे काय होते? समजा, तो ओढताना हाताला झटका बसला आणि मीटरभर लांबीच्या रायफलीचे पुढचे टोक केवळ अर्धा मिलिमीटर बाजूस गेले. हीच चूक १० मीटरांवर ५ मिलिमीटरांची होते आणि ५० मीटरांवर २५ मिलिमीटरांची! पन्नास मीटरांच्या लक्ष्यावर वर्तुळे आठ-आठ मिलिमीटरांवर आखलेली असतात. म्हणजे जवळजवळ तीन गुण हातचे गेले. म्हणूनच १० व ५० मीटरांच्या रायफल सामन्यांत चापाला किमान वजनाचे बंधन नाही. नेमबाज तो इतका हलका ठेवतात की बोटाचा किंचित दाबही त्यास पुरतो.

इतरत्र मात्र बंधन आहे. ३०० मीटर स्टँडर्ड रायफलीचा चाप १५०० ग्रॅमपेक्षा हलका चालत नाही. १० मीटरांच्या हवाई पिस्तुलास ५०० ग्रॅमची मर्यादा आहे. अमेरिकेतील सर्व्हिस रायफलीच्या सामन्यांत तर साडेचार पौंड, म्हणजे दोन किलोंहून अधिक जोर लागतो. ही रायफल मुळात सैनिकाची. सैनिकाला भरलेले शस्त्र घेऊन धावावे लागते, काट्याकुट्यांतून सरपटावे लागते. तेथे चाप पिसासारखा हलका असता, तर शत्रूच्या आधी शेजारचा सोबतीच घायाळ झाला असता.

मग मैदानावरील हलक्या चापाचे भय कसे आवरावे? येथे शिस्तीवाचून दुसरा उपाय नाही. नळीचे तोंड सदैव लक्ष्याकडेच असावे. बंदूक भरावयाची ती नेमाच्या जागेवर, आणि तीही अधिकाऱ्याने हुकूम दिल्यावरच. नेम स्थिर होईपर्यंत तर्जनी चापाभोवतालच्या कड्याच्या बाहेर ठेवावी. नवशिक्यांना हेच सर्वांत कठीण जाते, कारण हात बंदुकीला लागताच बोट आपोआप आत शिरते. ही खोड मोडण्यासाठी रिकाम्या बंदुकीवर दिवसेंदिवस सराव करवून घेतात. ‘थांबा’ असा हुकूम झाल्यावर परवानगीवाचून भरलेली बंदूक हाताळणाऱ्यास, तो कितीही नामांकित असो, सामन्यातून बाद करता येते.

नेमबाजी संपली की बंदूक उघडून तीत भडक नारिंगी रंगाची खूणपट्टी घालतात. हवाई रायफलीची पट्टी नळीच्या पूर्ण लांबीची असावी लागते. नळीत छर्रा राहिला असेल, तर ती अडते. अधिकारी प्रत्येक बंदूक पाहून जातो. तोवर कोणीही आपली जागा सोडत नाही. पट्टीचे नारिंगी टोक नळीच्या तोंडाशी दिसले, म्हणजे तो मान हलवितो व पुढल्या बंदुकीकडे वळतो.