भरलेला रकाना आणि दिसणारा रकाना

शिष्यवृत्तीचा अर्ज एका विद्यार्थिनीने टॅब्लेटवर भरला, पडद्यावर आपले नाव नीट वाचले व तो पाठवून दिला, असे समजा. कार्यालयात तोच अर्ज छापला तेव्हा नावाचा रकाना कोरा निघाला! असा घोटाळा सहज होऊ शकतो. आणि अ‍ॅपमध्ये पीडीएफ अर्ज भरण्याची सोय करू पाहणाऱ्याने त्याचे कारण प्रथम समजून घेतले पाहिजे.

पीडीएफ हा दस्तऐवजाचा प्रकार अ‍ॅडोबी कंपनीने १९९३ साली प्रसिद्ध केला. भरता येण्याजोगे रकाने त्यात १९९६ च्या सुमारास आले. अशा प्रत्येक रकान्याची पानावर एक चौकट असते. तिची मापे पानाच्या डाव्या खालच्या कोपऱ्यापासून, इंचाच्या बहात्तराव्या भागात मोजतात. टॅब्लेटचा पडदा मात्र बहुधा डाव्या वरच्या कोपऱ्यापासून मोजतो. म्हणून बोट कोणत्या रकान्यावर टेकले हे ठरविताना अ‍ॅपला मापे उलटवून घ्यावी लागतात. हे गणित सोपे आहे.

खरी मेख पुढेच आहे. रकान्यात दोन गोष्टी वेगवेगळ्या साठविल्या जातात: एक त्यातील मजकूर आणि दुसरी त्या मजकुराचे रूप, म्हणजे कोणती अक्षरे कोठे काढावयाची याच्या सूचना. अ‍ॅपने केवळ मजकूर लिहिला आणि रूप जुनेच ठेवले, तर त्या रूपावर विसंबणारे छपाईचे साधन रिकामी चौकटच छापते. ‘रूप नव्याने काढावे’ अशी खूण फाइलमध्ये ठेवता येते खरी. पण ती सर्वच साधने मानतात असे नाही. तेव्हा रूप स्वतःच तयार करणे हेच शहाणपणाचे.

देवनागरीच्या बाबतीत हे काम अधिक नाजूक होते. ‘कि’ लिहिताना संगणक आधी ‘क’ व मग वेलांटी साठवितो, पण काढताना वेलांटी डावीकडे यावी लागते. ‘क्ष’ तर तीन चिन्हे मिळून एक आकृती होते. अर्जासाठी नेहमी नेमला जाणारा हेल्व्हेटिका टंक येथे निरुपयोगी, कारण त्यात देवनागरी अक्षरेच नाहीत. योग्य टंक फाइलमध्येच समाविष्ट करावा लागतो.

हे बदल मूळ फाइल न खोडता तिच्या शेवटी जोडता येतात. आधीच कोणी अंकीय स्वाक्षरी केली असल्यास हीच रीत पाळावी लागते; सबंध फाइल नव्याने लिहिली, तर ती स्वाक्षरी अवैध ठरते.