वस्तूंची निगा (भाग ७) : पेन अडतं ते जिभेपाशी

बरेच महिने खणात पडून राहिलेलं शाईचं पेन उघडलं, की कागदावर नुसता ओरखडा उमटतो. मग झटकाझटकी होते, फरशीवर शिंतोडे उडतात आणि शेवटी अर्धं ब्लेड निबेच्या फटीत घालून फिरवलं जातं. शाळकरी मुलांचा हा जुना उपाय निबेच्या जिवावर बेततो. फटीच्या कडा खरवडल्या जातात, पाती फाकतात आणि पेन एक तर शाई ओकू लागतं, नाही तर कायमचं खरखरतं.

अडथळा बहुतेक वेळा निबेत नसतोच. तो असतो तिच्याखालच्या काळ्या जिभेत.

या जिभेवर बारीक पन्हळी कोरलेल्या असतात. न्यूयॉर्कच्या लुईस एडसन वॉटरमन यांना १८८४ साली पेटंट मिळालं ते अशाच पन्हळींच्या रचनेसाठी. केशाकर्षणाने शाई निबेकडे उतरते आणि तिची जागा घ्यायला हवा टाकीत वर चढते. शाईतलं पाणी उडून रंग पन्हळीत वाळला, की ही ये-जा थांबते. टाकी भरलेली असली तरी पेन लिहीत नाही.

अशा वेळी साधं, गार पाणी पुरतं. निबेचा पुढचा भाग रात्रभर भिजत ठेवावा, पाणी रंगलं की बदलावं. तरीही रंग सुटत नसेल तर पाण्यात भांडी घासायच्या द्रवाचे एक-दोन थेंब टाकावेत आणि नंतर नीट खळबळून धुवावं. गरम पाणी मात्र कटाक्षाने टाळावं : जुन्या आणि हातबनावटीच्या पेनांची जीभ पुष्कळदा एबोनाइटची असते, ती उष्णतेने मऊ पडून वाकते. स्पिरिटही नको, त्याने काही प्लॅस्टिकना तडे जातात.

एवढं करूनही शाई उतरली नाही, तरच निब काढायची. लॅमी सफारीची निब सरळ पुढे ओढली की सुटते. पेलिकनच्या बऱ्याच पेनांत निब आणि जीभ मिळून आटे फिरवून निघतात. नुसत्या दाबाने बसवलेली निब असेल तर रबराच्या तुकड्यात निब आणि जीभ एकत्र धरून सरळ रेषेत ओढावी. १९४१ साली बाजारात आलेल्या पार्कर ५१ची निब पुढच्या कवचाआड दडलेली असते. ते पेन जाणत्या दुरुस्तीवाल्याकडेच द्यावं.

सुटलेली जीभ मऊ ब्रशने घासावी. परत बसवताना निबेची फट जिभेच्या मधल्या पन्हळीवर नेमकी यायला हवी. जरा तिरकी बसली, तरी शाई तुटक येते.

शाईही पारखून भरावी. १९३१ साली मुंबईत दांडेकरांनी ‘हॉर्स ब्रँड’ शाईची पूड विकायला सुरुवात केली, तेव्हा टाक घरोघरी होता. दौतीच्या तळाशी साका राहिला तरी टाकाचं काही अडत नसे. पेनाच्या पन्हळीत तोच साका अडकून बसतो. चित्रकारांची लाखेची काळी शाई तर याहून घातक, कारण एकदा वाळली की ती पाण्यात विरघळतच नाही.