डुक्कर, बुधला आणि जॅक ट्राइसचं पत्र

अमेरिकेतल्या आयोवा आणि मिनेसोटा या शेजारी राज्यांची विद्यापीठं फुटबॉलच्या मैदानावर भिडतात, तेव्हा जिंकणाऱ्या संघाच्या हाती चषक येत नाही, ब्राँझचं डुक्कर येतं. मिशिगन आणि मिनेसोटा झुंजतात ते चिनी मातीच्या एका बुधल्यासाठी, इंडियाना आणि पर्ड्यू ओकच्या लाकडाच्या जुन्या बादलीसाठी, तर विस्कॉन्सिन आणि मिनेसोटा सहा फुटी दांड्याच्या कुऱ्हाडीसाठी. महाराष्ट्रातून पुढच्या शिक्षणासाठी मुलं याच विद्यापीठांत जातात आणि तिथल्या पहिल्याच सप्टेंबरात त्यांना कळतं, की शनिवारी गाव सामन्याच्या मालकीचं असतं. सुमारे सव्वा लाख वस्तीच्या अ‍ॅन आर्बर शहरातल्या मिशिगनच्या मैदानाची अधिकृत आसनक्षमता १,०७,६०१ आहे. लंबगोल चेंडूचा हा खेळ विद्यार्थी खेळतात, पण त्याचा इतिहास जपतो तो चाहता, आणि जपतो तो अशा वस्तूंमधून. त्या वस्तूंकडे गंमत म्हणून पाहिलं जातं. माझ्या मते त्या पुरावा आहेत. मात्र पुरावा बोलता राहायचा असेल तर दोन गोष्टी लागतात: त्या वस्तूमागचा सामना चालू राहिला पाहिजे, आणि ती वस्तू कशातून जन्मली ते पूर्ण सांगितलं गेलं पाहिजे. आज पहिली गोष्ट धोक्यात आहे. दुसरी तर बऱ्याचदा घडलेलीच नाही.

बुधल्यापासून सुरुवात करू. ३१ ऑक्टोबर १९०३ ला मिशिगनचा संघ मिनेसोटाशी खेळायला मिनिआपोलिसला गेला. फील्डिंग योस्ट या प्रशिक्षकाच्या हाताखाली हा संघ सलग सामने जिंकत आला होता. परक्या गावचं पाणी नको म्हणून मिशिगनच्या व्यवस्थापक विद्यार्थ्याने तिथल्याच दुकानातून तीस सेंटांना पाच गॅलनचा बुधला विकत घेतला. सामना ६-६ असा बरोबरीत सुटला, प्रेक्षक मैदानात घुसले, आणि त्या गडबडीत बुधला मागे राहिला. ऑस्कर मन्सन नावाच्या कर्मचाऱ्याला तो सापडला. मिनेसोटाच्या लोकांनी त्यावर रंगाने लिहिलं, की हा मिशिगनचा बुधला ऑस्करने अमुक तारखेला पकडला. खाली धावफलकही रंगवला: मिनेसोटाचा सहा मोठ्ठा, मिशिगनचा सहा लहानसा. निकाल बरोबरीचा होता, पण आपण बलाढ्यांना रोखलं हा यजमानांचा आनंद त्या दोन आकड्यांच्या मापात जसा उतरला आहे तसा कुठल्याही नोंदवहीत उतरलेला नाही. योस्टनी बुधला परत मागितला आणि ‘हवा तर जिंकून न्या’ असा निरोप आला, ही गोष्ट चाहते आजही सांगतात. ती घडली तशीच सांगितली जाते की नाही हा वेगळा प्रश्न. १९०९ मध्ये मिशिगनने १५-६ असा विजय मिळवून बुधला नेला, एवढं मात्र पक्कं.

या परंपरा म्हणजे शेवटी जाहिरातच, असा एक आक्षेप घेतला जातो. त्याला उत्तर देणारा प्रयोग कनेटिकट विद्यापीठात होऊन गेला आहे. २०१५ मध्ये तिथल्या प्रशिक्षकांनी सेंट्रल फ्लोरिडाविरुद्धच्या सामन्यासाठी स्वतःहूनच एक चषक तयार करवला आणि दोन्ही विद्यापीठांत वैर असल्याचं जाहीर केलं. समोरच्या संघाला यात काही रस नव्हता. पुढच्या वर्षी सेंट्रल फ्लोरिडाचा संघ जिंकला आणि चषक मैदानाच्या कडेलाच ठेवून निघून गेला. दोन्ही वेळा पाहुणा संघ वस्तू मागे ठेवून गेला, पण १९०३ चा बुधला परंपरा झाला आणि २०१६ चा चषक झाला नाही. कारागिरी पाहिली तर चषकच उजवा ठरेल. बुधल्याच्या पाठीशी दोन्ही गावांत खरोखर लागून राहिलेला एक सामना होता, आणि तो पुन्हा व्हावा असं दोन्हीकडच्यांना वाटत होतं. स्मृतिवस्तू ठरवून घडवता येत नाही. हरलेल्याला ती गमावल्याचं दुःख झालं, तरच तिला किंमत येते.

आणि ती जपायला माणूस लागतो, बहुतेक वेळा नाव नसलेला. विस्कॉन्सिन आणि मिनेसोटामध्ये १९४८ साली कुऱ्हाड आली, त्याआधी १९३० पासून काळ्या अक्रोडाच्या लाकडाची एक फळी होती. मधोमध चेंडू, चेंडूवर एक अक्षर. फळी एका बाजूने टांगली की ते मिनेसोटाचं ‘एम’, उलटी टांगली की विस्कॉन्सिनचं ‘डब्ल्यू’. १९४० च्या दशकात ही फळी हरवली असं सगळे धरून चालले. १९९४ मध्ये विस्कॉन्सिनच्या मॅडिसन इथल्या मैदानातल्या अडगळीच्या खोलीत ती सापडली, आणि मागची बाजू पाहिली तर १९३० पासून १९७० पर्यंतच्या सामन्यांचे निकाल लिहिलेले! म्हणजे हरवली असं मानलं जात असतानाही कोणीतरी हंगामामागून हंगाम तिच्यावर निकाल चढवत होतं. कुणाला दाखवायचं नव्हतं, विकायचं नव्हतं. सामना झाला की नोंद व्हायला हवी, एवढंच. चाहत्याच्या निष्ठेचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

पण त्या अज्ञात माणसाला लिहायला निकाल मिळत होते, कारण सामना होत होता. सामनाच बंद पडला तर? ही भीती आता काल्पनिक राहिलेली नाही. ओक्लाहोमा आणि ओक्लाहोमा स्टेट १९१० पासून एकही वर्ष न चुकता खेळत होते. २०२४ मध्ये ओक्लाहोमाने दुसऱ्या कॉन्फरन्समध्ये, म्हणजे आपसात खेळणाऱ्या विद्यापीठांच्या दुसऱ्या गटात, प्रवेश केला, आणि २०२३ च्या लढतीनंतर ती शतकभराची साखळी तुटली. मिशिगन, मिनेसोटा ज्या ‘बिग टेन’मध्ये आहेत तिथे त्याच वर्षी कॅलिफोर्निया, ओरेगन, वॉशिंग्टनकडचे चार संघ आले आणि संख्या १८ झाली. हे सगळं दूरचित्रवाणीच्या पैशासाठी. बिग टेनचा २०२२ मध्ये ठरलेला प्रक्षेपण करार सात वर्षांचा आणि सातशे कोटी डॉलरहून मोठा आहे. नव्या वेळापत्रकात काही लढती दरवर्षी होणार असं संरक्षण देण्यात आलं. आयोवा–मिनेसोटा त्यात आहे, मिनेसोटा–विस्कॉन्सिन आहे, इंडियाना–पर्ड्यूही आहे. मिशिगन–मिनेसोटा नाही. बुधला आता वेळापत्रकात येईल तेव्हाच बाहेर निघणार.

यावर म्हटलं जातं, की बुधल्यासाठीचा सामना पूर्वीही वर्षानुवर्षं झाला नव्हता, मिशिगन तर दशकभर कॉन्फरन्सच्याच बाहेर होतं, तरी परंपरा टिकली. खरं आहे. पण तेव्हा ती खंडित झाली आणि पुढे नियमित सामन्यांची अनेक दशकं मिळाली म्हणून सांधली गेली. अठरा संघांच्या गर्दीत ती दशकं मिळणार आहेत का, हा प्रश्न आहे. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. पैशाबद्दल आज गळा काढणारे चाहते ज्या जुन्या काळासाठी हळहळतात, त्या काळात विद्यापीठं कमवत होती आणि खेळणारी मुलं फुकट राबत होती. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. पैसा विद्यापीठांच्या खेळात बाहेरून घुसलेलाच नाही. १८५२ मध्ये हार्वर्ड आणि येल यांच्यात पहिली आंतरमहाविद्यालयीन नौकाशर्यत झाली, तीच मुळी एका रेल्वे कंपनीच्या खर्चाने, प्रवासी मिळावेत म्हणून. खेळाडूंना जुलै २०२१ पासून स्वतःच्या नावावर जाहिरातीतून कमावता येतं, आणि २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर विद्यापीठं त्यांना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी प्रत्येक विद्यापीठात सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत. हे फार आधी व्हायला हवं होतं. पण खेळाडूला मोबदला देणं आणि शेजाऱ्याशी असलेला सामना मोडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीचं खापर पहिलीवर फोडणं अन्यायाचं आहे. उलट, २०२१ पासून वर्षभर बाहेर न बसता संघ बदलता येऊ लागल्यामुळे संघातली नावं दर हंगामाला बदलतात, आणि चाहत्याच्या रोजच्या बातम्यांत कोण आला, कोण गेला हेच जास्त असतं. अशा वेळी या जर्सीशी आपलं नातं काय, याचं उत्तर खेळाडूंच्या यादीत शोधून सापडत नाही. ते प्रतिस्पर्ध्याकडे असतं. तोच नाहीसा केला तर चाहत्याच्या हातात काय उरतं?

आता दुसरी अट, पूर्ण सांगण्याची. ब्राँझच्या डुकराचं नाव ‘फ्लॉइड ऑफ रोझडेल’. प्रचलित गोष्ट अशी: १९३५ मध्ये मिनेसोटाचे गव्हर्नर फ्लॉइड ओल्सन यांनी आयोवाचे गव्हर्नर क्लाइड हेरिंग यांच्याशी एका डुकराची पैज लावली, मिनेसोटा १३-६ असा जिंकला, आणि हेरिंग जिवंत डुक्कर घेऊन ओल्सन यांच्या कार्यालयात हजर झाले. मग त्या डुकराचा ब्राँझचा पुतळा झाला. ऐकायला गोड आहे, पण पैज लागली कशामुळे? आदल्या वर्षीच्या सामन्यात आयोवाच्या ऑझी सिमन्सला मिनेसोटाच्या खेळाडूंनी इतकं ठोकलं होतं, की त्याला मैदान सोडावं लागलं. सिमन्स कृष्णवर्णीय होता, त्या काळच्या मोठ्या संघांत विरळाच दिसणारा. १९३५ मध्ये सामना आयोवात होता. पंचांनी तसला खेळ चालू दिला तर प्रेक्षक तो चालू देणार नाहीत, असं हेरिंग जाहीरपणे बोलले आणि वातावरण पेटलं. ते थंड करण्यासाठी ओल्सननी तारेने डुकराची पैज धाडली. ती कामी आली, दंगल टळली. आणि सिमन्स गोष्टीतून गळाला. नव्वद वर्षं खेळाडू ते सुमारे ९८ पौंडांचं डुक्कर खांद्यावर मिरवतात. ज्या अंगावरच्या मारामुळे ते जन्मलं ते अंग कुणाचं, हे मिरवणुकीत कळत नाही. तो मार वर्णद्वेषातूनच होता की त्या काळचा खेळच तसा रांगडा होता, यावर वाद घालता येईल. पण वाद घालण्यासाठी आधी सिमन्सचं नाव तरी माहीत हवं.

खेळाच्या आनंदात हे दुखणं कशाला, असं विचारणाऱ्यांसाठी त्याच आयोवा राज्यात दुसरं विद्यापीठ आहे, आयोवा स्टेट. त्याचा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू जॅक ट्राइस. ऑक्टोबर १९२३ मध्ये मिनेसोटाविरुद्धच्या सामन्यात त्याला प्राणघातक इजा झाली आणि दोन दिवसांनी, ८ ऑक्टोबरला, तो गेला. सामन्याच्या आदल्या रात्री हॉटेलच्या कागदावर त्याने स्वतःसाठी लिहिलेलं पत्र त्याच्या कोटाच्या खिशात मिळालं. आपल्या वंशाची, घरच्यांची आणि स्वतःची अब्रू उद्या पणाला लागली आहे, असा त्याचा आशय. विद्यापीठाने व्यायामशाळेत एक फलक बसवला, आणि त्यावर धूळ साचली. १९५७ मध्ये एका विद्यार्थ्याने तो वाचून विद्यार्थ्यांच्या नियतकालिकात लेख लिहिला. १९७३ पासून विद्यार्थ्यांनी नव्या मैदानाला ट्राइसचं नाव द्या अशी मागणी लावून धरली. १९८४ मध्ये नुसत्या हिरवळीला नाव मिळालं, तेव्हा ते थांबले नाहीत. पैसे जमवून त्यांनी पुतळा उभारला. १९९७ मध्ये संपूर्ण मैदान ‘जॅक ट्राइस स्टेडियम’ झालं. यामुळे आयोवा स्टेटच्या चाहत्यांचा शनिवारचा आनंद कमी झालेला नाही. ते त्याच त्वेषाने ओरडतात, आणि कुणाच्या नावाच्या मैदानात ओरडतो आहोत हे त्यांना माहीत असतं. फ्लॉइडच्या बाबतीत तेवढंच करायचं आहे: डुक्कर ज्या काचेच्या कपाटात ठेवतात तिथे १९३४ च्या सामन्याचा वृत्तांत आणि सिमन्सचा फोटो लावायचा, दोन्ही विद्यापीठांनी, दोन्ही कपाटांत.