पडद्यावरचं वावर : आभासी जगातून प्रोग्रामिंग

आज यवतमाळात आपण प्रोग्रामिंगवर बोलणार आहोत, पण सुरुवात वावरापासून करू. कपाशीत डवरा घातला, की एक तास धुऱ्यापर्यंत जायचा, वळायचं आणि शेजारच्या तासातून परत यायचं. हे आपल्याकडच्या पोराला शिकवावं लागत नाही. आता हेच काम पडद्यावरच्या कासवाला सांगायचं आहे.

हे कासव जुनं आहे. 1967 मध्ये अमेरिकेत सीमूर पॅपर्ट, सिंथिया सॉलोमन, वॉली फॉयर्झाइग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांसाठी ‘लोगो’ ही भाषा तयार केली. कासव त्यात पुढे आलं. त्याला फक्त पुढे जाणं आणि वळणं कळतं. पॅपर्ट यांचं म्हणणं असं, की कासवाला सूचना देताना मूल स्वतःला त्याच्या जागी ठेवतं. ‘मी इथे उभा असतो, तर कुठे वळलो असतो?’ हा प्रश्न डोक्याआधी अंगाला कळतो.

चला, सूचना देऊ. कासवाचं तोंड वर आहे. पुढे 200, उजवीकडे 90 अंश, पुढे 10, पुन्हा उजवीकडे 90 अंश. एक तास झाला. दहा तास करायचे म्हणून आपण म्हणतो, हेच दहा वेळा कर. आणि काय होतं? कासव दुसऱ्या तासातून खाली येतं, उजवीकडे वळतं आणि थेट पहिल्याच तासात! दहा फेऱ्या झाल्या तरी वावर दोन तासांचंच.

का झालं असं? खाली येताना कासवाचं तोंड उलटं असतं, त्यामुळे त्याची उजवी बाजू आता आपली डावी. म्हणजे वरच्या धुऱ्यावर दोनदा उजवीकडे वळायचं, खालच्या धुऱ्यावर दोनदा डावीकडे. जाणं-येणं मिळून एक जोडी झाली. ही जोडी पाच वेळा केली, की दहा तास पूर्ण. पुनरावृत्ती, क्रम, दिशेचं भान, सगळं यात आलं.

आता महत्त्वाचं. हीच चूक नुसत्या अक्षरांच्या प्रोग्राममध्ये झाली असती, तर पडद्यावर इंग्रजीत एक ओळ उमटली असती, किंवा नुसतंच चुकीचं उत्तर. मूल म्हणतं, ‘सर, मला नाही येत.’ यंत्र तसं म्हणालेलंच नसतं! आभासी जगात चूक डोळ्यांना दिसते, म्हणून मूल ‘मी चुकलो’ असं न म्हणता ‘ते तिकडे का वळलं?’ असं विचारतं. एका प्रश्नाने पोरगं संगणकापासून दूर जातं, दुसऱ्याने जवळ येतं. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलासाठी हा फरक फार मोठा आहे.

आपल्या राज्यातही हे झालेलं आहे. 2007 मध्ये रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैरात इथल्या छोट्या शाळेत मुलांच्या हाती छोटे हिरवे-पांढरे लॅपटॉप आले. त्या लॅपटॉपसाठी ‘टर्टल आर्ट’ हा कासवाचाच कार्यक्रम होता. त्याच वर्षी एमआयटीचं ‘स्क्रॅच’ आलं. त्यात सूचनांचे ठोकळे जोडायचे असतात. ते एकदा संगणकावर उतरवून घेतलं, की इंटरनेटशिवाय चालतं. पुढे त्रिमिती जग हवं असेल, तर कार्नेगी मेलन विद्यापीठाचं ‘अ‍ॅलिस’ आहे.

एक सावधगिरी मात्र हवी. मुलं पात्रांचे रंग आणि कपडे बदलण्यातच तास घालवतात. म्हणून दर वेळी एक नेमकं काम द्यावं आणि कासव चालवण्याआधी ‘ते कुठे थांबेल?’ हे वहीत लिहून घ्यावं. कासव हाताशी आलं, की पायथॉनकडे न्यावं. तिथेही कासव आहेच, फक्त सूचना टाइप कराव्या लागतात.

आणि वीज गेली तर? मैदानात चला. एक मूल कासव होईल, बाकीचे सूचना देतील. कासवाने आपलं डोकं वापरायचं नाही, सांगितलं तेवढंच करायचं. ते भिंतीवर जाऊन धडकेल, वर्ग हसेल, आणि कुणीतरी ओरडेल, ‘अरे, आधी वळायला सांगा ना!’ तिथे प्रोग्रामिंग सुरू झालं, असं आपण समजू.