हलत्या चित्रांचे शिक्षण

संकेतस्थळावर हलणारी, वाचकाच्या स्पर्शाला उत्तर देणारी चित्रे कशी घडतात, हे विद्यार्थ्यांना समजावताना आम्ही संगणकाआधी अक्कलकोट रोड एमआयडीसीतील जेकार्ड मागाचे उदाहरण घेतो. पुठ्ठ्याच्या कार्डावर भोक असेल तेथे ताण्याचा धागा उचलला जातो, नसेल तेथे खाली राहतो. एकेका कार्डागणिक बाण्याचा एकेक धागा बसतो आणि कार्डांच्या लांब माळेतून चादरीवर मोर उमटतो. ॲनिमेशनमध्येही सेकंदाला साधारण चोवीस स्थिर चित्रे सरकली, की तोच मोर नाचू लागतो. दादासाहेब फाळके यांनी आगकाड्या अशाच नाचवल्या होत्या. मोरावर बोट ठेवताच पिसारा फुलावा असे वाटत असेल, तर ती आज्ञा आधी लिहून ठेवावी लागते. ते काम जावास्क्रिप्टचे.

पालकांनी येथे सावध असावे. पूर्वी हे सारे प्रामुख्याने फ्लॅशवर शिकवले जाई. ३१ डिसेंबर २०२० रोजी ॲडोबीने त्याचा आधार काढून घेतला. अनित्यतेचा नियम सॉफ्टवेअरलाही चुकत नाही. केवळ बटणे पाठ केलेल्यांचे शिक्षण तेथेच थांबले. मुख्य चित्र कोणते, मधली कोणती, कोणत्या क्रियेला कोणता प्रतिसाद, हे ज्यांना उमगले होते, त्यांना एचटीएमएल५ परके वाटले नाही. मागावरही आता बऱ्याच ठिकाणी कार्डे जाऊन संगणक आला, तरी आलेखाच्या कागदावर नक्षी बसवू जाणणाऱ्याचे काम सुटले नाही. म्हणून शुल्क भरण्यापूर्वी वर्गचालकास विचारावे : मुलांकडून आधी कागदावर चित्रे काढून घेता का?